तपासणीत अडकलेला अर्ज

दोन वाजून दहा मिनिटांनी स्क्रीनवरच्या यादीत एक लाल ओळ वाढली, तसा डॉक्टरने अर्धा खाल्लेला डबा बाजूला सारला.

तो डॉक्टर नव्हता. यंत्रांच्या माहितीपुस्तिका तयार करणाऱ्या त्या कंपनीत संगणकांचे व्हायरस काढणारा एकुलता एक माणूस, म्हणून सगळे त्याला डॉक्टर म्हणत, आणि ते त्याला मनापासून आवडे. कंपनीतून बाहेर जाणारा प्रत्येक मेल आधी त्याच्याकडच्या तपासणीतून जाई. संशयास्पद निघाला तर तिथेच अडके. पाठवणाऱ्याला मात्र ‘पाठवला’ असंच दिसे. व्हायरस हा शब्द वाचला की लोक काम टाकून गलका करतात, म्हणून साहेबांनीच ती सूचना बंद करून घेतली होती. मेल अडकला की डॉक्टरने स्वतः उठून त्या टेबलाशी जाऊन सांगायचं, व्हायरस कुठून आला त्याची नोंद करायची आणि नोंदीची प्रत साहेबांकडे पाठवायची, असा नियम होता.

लाल ओळ भाषांतरकार बाईंची होती. त्यांच्या आईच्या गावातल्या ग्रंथालयात एक जागा निघाली होती. अर्जाची मुदत आज पाचपर्यंत होती, हे साऱ्या कंपनीला पाठ झालं होतं. आई अंथरुणाला खिळलेली. वहिनी तिचं सगळं करत होती आणि काय काय केलं ते रोज फोनवरून बाईंना ऐकवत होती.

डॉक्टरने ओळ उघडली. अर्जात काही नव्हतं. व्हायरस प्रमाणपत्रांच्या फाइलमध्ये होता. ती फाइल कालच त्याने बाईंना हौसेने करून दिली होती. कागद स्कॅन केले, आपल्या पेनड्राइव्हवर घेतले आणि बाईंच्या संगणकावर उतरवून दिले.

व्हायरसचं नाव त्याने दोनदा वाचलं. दोन महिन्यांपूर्वी याच व्हायरसने अख्खी कंपनी दोन दिवस बंद पाडली होती. तेव्हा टपाल बघणाऱ्या काकांनी नातीचे फोटो दाखवायला पेनड्राइव्ह आणला होता आणि त्यावर तो सापडला होता. डॉक्टरने पेनड्राइव्ह चिमटीत धरून सगळ्यांदेखत विचारलं होतं, “काका, घरची घाण इथे कशाला आणता?” लोक हसले. काय चाललंय ते न कळून काकाही हसले. त्याच आठवड्यात त्यांना घरी बसवलं.

डॉक्टरने खिशातला पेनड्राइव्ह बाजूच्या जुन्या संगणकाला लावून तपासला. व्हायरस होता. तो पेनड्राइव्हवर उतरल्याची तारीख काकांनी फोटो आणले त्याच्या तीन आठवडे आधीची होती. म्हणजे घाण इथलीच होती. बिचारे काकाच ती इथून आपल्या पेनड्राइव्हवर घरी घेऊन गेले होते.

काम वीस मिनिटांचं होतं. कागद पुन्हा स्कॅन करायचे, स्वच्छ फाइल द्यायची, झालं. फक्त त्याआधी उठून बाईंच्या टेबलापर्यंत जायचं आणि ‘कुठून आला’ या रकान्यात आपलं नाव लिहायचं. तो उठलाही. पाणी प्यायला आणि परत येऊन बसला.

पावणेपाचला बाई स्वतःच आल्या.

“डॉक्टर, माझा अर्ज गेला ना हो?”

“काय दिसतंय तुम्हाला?”

“पाठवला, असं दिसतंय.”

“मग गेला.”

“त्यांच्याकडून पोच नाही आली अजून. खात्रीसाठी तुमच्यासमोर परत पाठवू का? पंधरा मिनिटं आहेत.”

डॉक्टरचा हात माउसवरच होता. “दोनदा पाठवलं की माणूस फार गरजू दिसतो, मॅडम. राहू द्या.”

“तेही खरंच.” बाई हसल्या. “तुम्ही होतात म्हणून निभावलं. मला यातलं ओ की ठो कळत नाही. आईला तर मी कालच सांगून टाकलं, येतेच म्हणून.”

पाच वाजून एक मिनिटाने त्याने मेल काढून टाकला. प्रोग्रामने कारण विचारलं. दिलेल्या कारणांतून त्याने ‘निरुपयोगी जाहिरात’ निवडलं. नंतर पेनड्राइव्ह साफ केला, आणि नोंदवहीतली त्या दिवसाची ओळ कोरीच राहिली.

उत्तर यायचं नव्हतंच. महिनाभर बाई येता-जाता त्याच्यापाशी थांबत.

“नाही म्हणून तरी कळवावं की नाही? इतकी कशी हो निर्दय असतात माणसं?”

“असतात मॅडम,” डॉक्टर म्हणे. “एवढं मनाला लावून घेऊ नका.”

मग बाई दहा दिवस रजेवर गेल्या. परतल्या त्या प्रमाणपत्रांची निळी फाइल घेऊन, थेट त्याच्या टेबलाशी.

“दुसऱ्या एका ठिकाणी अर्ज करतेय. कागद परत स्कॅन करून द्याल?”

“कुठे आहे जागा?”

“कुठेही चालेल आता. त्याच गावात हवी असं काही उरलं नाही.” बाई फाइलची नाडी सोडू लागल्या. गाठ सुटेना. “वहिनी म्हणाली, शेवटी शेवटी आई दाराकडेच बघत असायची. मीच सांगून ठेवलं होतं ना, येते म्हणून.”

डॉक्टरने फाइल हातात घेऊन गाठ सोडवली.

“मुदत कधीची आहे?”

“भरपूर आहे. या वेळी घाई नाही.”

त्याने एकेक कागद नीट सरळ ठेवून स्कॅन केला. कोपरेही कापले जाऊ दिले नाहीत. दुपारी बाईंचा मेल तपासणीतून गेला आणि यादीत हिरवी ओळ आली. तो मुद्दाम उठून त्यांच्या टेबलाशी गेला.

“गेला बरं का, मॅडम.”

“देव तुमचं भलं करो,” बाई म्हणाल्या.

त्याने जागेवर येऊन डबा उघडला आणि शेवटच्या घासापर्यंत संपवला.