जीव न घेतलेलं मटण

खाटकाच्या घरात नांदायला आलेली बाई मटण तोंडात घालत नाही, ही गल्लीत बरीच वर्षं चेष्टेची गोष्ट होती. लग्न नवं असताना सासूने तिला विचारलं होतं, "खात नाहीस ते ठीक. पण करून घालशील ना?" ती हो म्हणाली आणि जन्मभर करून घातलं. खाली दुकान, वर घर. आधी सासू-सासरे आणि नवरा, मग मुलगा आणि मुलगी, सगळ्यांना तिने रांधून वाढलं, पण चमचाभरही चाखून पाहिलं नाही. मीठ तिला वासावरून कळायचं. तिची भांडी वेगळी होती, तिची जेवायची वेळही वेगळी होती. सगळ्यांचं आटोपलं की ती खिडकीजवळच्या स्टुलावर ताट मांडीवर घेऊन बसायची.

तिच्या मुलीला घरात सगळे धाकटी म्हणत. धाकटीने लहानपणी एकदा विचारलं, "आई, तू मटण का सोडलंस गं?"

आईने हातातलं काम थांबवलं नाही. "तुझ्याएवढी होते तेव्हा घरची कोंबडी कापायला न्यायला मला धाडलं. काखेत धरून नेली. वाटेत झोपली ती माझ्या काखेत. ओळखीची होते ना मी तिच्या."

"मग?"

"मग काय, नेऊन दिली. आणि रस्सा दोनदा मागून घेतला. फार छान झाला होता. तेच मला सोसेना." मग ती हळूच म्हणाली, "अजूनही वास आला की तोंडाला पाणी सुटतं. कुणाला सांगू नकोस."

धाकटीने कुणाला सांगितलं नाही. पण पुढे ती शास्त्र शिकली, आणि जिवंत शेळीच्या स्नायूतून चिमूटभर पेशी काढून त्यांचं मांस वाढवणाऱ्या कंपनीत तिला नोकरी लागली. त्या दिवशी घरी येऊन तिने आधी आईला गाठलं. "आई, शेळी चरत राहते. तिला सुईएवढं टोचायचं, बस. आणि इकडे मटण तयार!"

वडिलांच्या मागे दुकान आता मोठा भाऊ, दादा, चालवत होता. तो हसत म्हणाला, "वा! घरचा भेदी. आता माझ्या सुऱ्या काय भाजी चिरायला घेऊ?"

 त्यानंतर आई अधूनमधून विचारायची, "काय गं, कुठवर आलं तुमचं?"

पेशींना खाऊ घालणं हे धाकटीचं काम होतं. स्टीलच्या टाक्यांमध्ये त्या वाढायच्या आणि ठरल्या वेळी त्यांचं पोषकद्रव बदलावा लागायचा. सुरुवातीला त्या द्रवात सीरम घालत. गाभण गाय कापली की तिच्या पोटातल्या वासराच्या रक्तापासून ते काढतात. पेशींना ते असं मानवतं की विचारू नका. पण ज्या मटणासाठी जनावर मारायचं नाही, त्याला वासराचं रक्त पाजायचं, हे कुणालाच पटत नव्हतं. म्हणून कंपनीने खटपट करून वनस्पतींपासून द्रव तयार केला. उरलेल्या सीरमच्या बाटल्या शीतकपाटाच्या तळाशी पडून होत्या.

पाहुण्यांना चव दाखवायचा समारंभ ठरला. वर्तमानपत्रवाले, हॉटेलवाले, डॉक्टर, सगळ्यांना आमंत्रणं गेली. विभागप्रमुख बाई धाकटीला म्हणाल्या, "अगं, मांस खाणारे तर येतीलच. एखादं पक्कं शाकाहारी माणूस येऊन खाईल तर काय बहार येईल! तुझी आई येईल का?"

धाकटीने घरी विचारलं. आई मटार सोलत होती. तिने एकच प्रश्न केला, "कुणाचा जीव नाही ना जात?"

"नाही," धाकटी म्हणाली. त्या दिवशी ते खरं होतं.

समारंभ तोंडावर आला आणि वनस्पतीच्या द्रवातल्या पेशी माना टाकू लागल्या. टाकीतलं पाणी गढूळ झालं. प्रमुख बाईंनी कपाळाला हात लावला, मग स्वतः शीतकपाट उघडून तळातल्या बाटल्या बाहेर काढल्या. "या खेपेपुरतं," त्या म्हणाल्या. "नाहीतरी वर्षानुवर्षं पडून आहेत. आता टाकून दिल्या तर ते वासरू काय परत येणार आहे?"

धाकटीला बोलायचं होतं. पण बाईंचं म्हणणं चूक कुठे आहे तेही तिला दाखवता येईना. तिने बाटल्या कोमट पाण्यात ठेवल्या. आतला द्रव पातळ कोऱ्या चहासारखा दिसत होता. तिने तो स्वतःच्या हाताने टाकीत ओतला. घरी जाताना तिने ठरवलं, आईला सांगायचं की तू येऊ नकोस. घरी पोहोचली तर आई नवे कपडे पलंगावर पसरून बसली होती. "हा रंग बरा दिसेल का गं इतक्या लोकांत?" आईने विचारलं. धाकटी म्हणाली, "छान दिसेल."

समारंभात पाहुण्यांना आधी आवारात चरणारी शेळी दाखवली, मग आईला पहिल्या रांगेत बसवलं. बशीत खिम्याच्या परतलेल्या दोन वड्या आल्या. खाण्याआधी आईने मान वळवून भिंतीशी उभ्या असलेल्या लेकीकडे पाहिलं. तिने नुसत्या भुवया उंचावल्या. धाकटीने होकाराची मान हलवली.

आईने घास घेतला. चावता चावता थांबली, डोळे मिटले. कॅमेरेवाले पुढे सरकले. प्रमुख बाईंनी वाकून विचारलं, "मावशी, कसं लागलं?"

"मीठ कमी आहे," आई म्हणाली. सगळे हसले, टाळ्या वाजल्या, आणि त्या गडबडीत तिने दुसरी वडी उचललेली कुणी पाहिली नाही. धाकटीने पाहिली. आईच्या गालावरून पाणी ओघळत होतं आणि ती लहान मुलासारखी भराभर खात होती. धाकटी हात धुवायचं निमित्त करून बाहेर गेली आणि नळ सोडून नुसती उभी राहिली.

समारंभात उरलेला माल कंपनीने कामगारांना वाटून टाकला. धाकटीला तो घरी न्यायचा नव्हता, पण आईने आधीच दादाला सांगून ठेवलं होतं. सुट्टीच्या दिवशी दादाने स्वतः रस्सा केला. आयुष्यात पहिल्यांदा आई आणि दादा एका पातेल्यातलं, एका टेबलावर बसून जेवले. दादा एकसारखा आईच्या ताटात वाढत होता. "घे गं, अजून घे. खाटकाच्या हातची चव बघ तरी!" आई हसत होती, नको नको म्हणत ताट पुढे करत होती. धाकटीने पोट बिघडल्याचं सांगितलं आणि कोरडा भात चिवडत बसली.

हे एवढ्यावर थांबलं असतं तर कदाचित ती गप्प राहिली असती. पण आईला आता कुणाला सांगू आणि कुणाला नको असं झालं होतं. ती रोज संध्याकाळी एका निवृत्त नर्सबाईंबरोबर फिरायला जायची. नर्सबाई जन्माच्या शाकाहारी, पण आजारपणानंतर त्यांचा अशक्तपणा काही केल्या जात नव्हता. एकदा धाकटी कामावरून येत होती, तर दोघी बागेच्या बाकावर बसलेल्या. आई म्हणत होती, "अहो, मी डोळ्यांनी पाहून आले. शेळी मजेत चरतेय. आमच्या वाटचं थोडं उरलंय ते देते, तुम्ही बिनधास्त खा, अंगात ताकद येईल. आणि मी का सांगतेय? माझ्या पोरीचा शब्द आहे म्हणून."

"तुमची पोर खोटं नाही बोलायची," नर्सबाई म्हणाल्या. "बघते मग खाऊन."

धाकटी झाडामागून मागच्या मागे वळली आणि लांबच्या रस्त्याने घरी गेली.

दुसऱ्या दिवशी सकाळी ती दुकानात उतरली. दादा मटण तोडायचा ओंडका धूत होता. तिने त्याला सगळं सांगितलं. तिला वाटलं होतं तो टर उडवेल, "बघ, तुमचंही रक्ताशिवाय भागेना" असं काहीतरी म्हणेल. पण दादाने हातातला ब्रश खाली ठेवला.

"कुणाला बोललीस?"

"कुणाला नाही."

"मग बोलूही नकोस." त्याचा आवाज एकदम उतरला. "धाकटे, एवढ्या वर्षांत आई माझ्याबरोबर कधी जेवली नाही. मी खायला बसलो की ती खिडकीकडे तोंड करायची. मला कधी टाकून बोलली नाही, पण मला कळायचं ना. परवा पहिल्यांदा तिने माझ्या हातचं खाल्लं. ते काढून घेऊ नकोस माझ्याकडून."

"पण ती नर्सबाईंना..."

"खाऊ दे की त्यांनाही! पुढचा माल होईल चांगला, म्हणजे झालं. झाकली मूठ सव्वा लाखाची."

धाकटीला त्याचा राग आला नाही. तो बोलत होता ते सगळं ती स्वतःशी आधीच बोलून चुकली होती. पण दुसऱ्याच्या तोंडून ऐकताना तिला ते गिळवेना.

तिने त्याच दुपारी आईला सांगितलं. आई कपड्यांच्या घड्या घालत होती. धाकटीने समोर बसून, खाली मान घालून, काही न लपवता सांगितलं: गढूळ टाकी, तळातल्या बाटल्या, स्वतःचा हात. शेवटी म्हणाली, "तू माझ्याकडे पाहिलंस तेव्हा मला माहीत होतं."

आई घड्या घालतच राहिली. एक उशीचा अभ्रा तिने दोनदा उलगडला, दोनदा त्याची घडी घातली.

"रक्त गायीचं की वासराचं?"

"वासराचं. जन्माला न आलेल्या."

"आणि तुला आधी ठाऊक होतं?"

"हो."

"मग नको म्हणाली असतीस तर काय बिघडलं असतं गं? मी घरी बसले असते."

 धाकटी रडू लागली, आणि रडण्याचीही तिला लाज वाटली, कारण आता आई समजूत काढायला उठणार. पण आई उठली नाही.

"मला फसवलंस त्याचं सोड," आई म्हणाली. "आई आहे मी, गिळीन. पण मला ते आवडलं गं. रात्री अंथरुणात आठवून आठवून आवडलं. त्याचं मी काय करू आता? इतकी वर्षं आवरलेली हौस, आणि ती अशी फिटावी!" मग ती उठली, चपला पायात सरकवल्या. "चल."

"कुठे?"

"नर्सबाईंकडे. त्यांना मी सांगितलंय, मीच निस्तरायला हवं. तू फक्त बरोबर ये."

नर्सबाईंनी दार उघडलं. आईने उंबऱ्यातच सांगून टाकलं, "ते मटण खाऊ नका. मी सांगितलं ते खरं नव्हतं." धाकटी पुढे होऊन म्हणू लागली की चूक माझी आहे, तर आईने हाताने तिला मागे सारलं. नर्सबाईंनी दोघींकडे पाहिलं, आणि आत या असं न म्हणता, "बरं झालं सांगितलंत," एवढंच म्हणाल्या. मग दार लागलं. उतरताना आईने जिन्याचा कठडा घट्ट धरला होता. धाकटीने हात पुढे केला तो तिने घेतला नाही.

हे उघड सांगायला हवं असं धाकटीने म्हणताच कंपनीत प्रमुख बाई संतापल्या. "अगं, साऱ्या प्रयोगशाळा हेच वापरून वाढल्या! लाखो जनावरं वाचणार असतील तर एका वासराचं एवढं काय?" धाकटी म्हणाली, "कदाचित बरोबरही असेल तुमचं. पण मग तसं छापा. खाणाऱ्याला ठरवू द्या." बराच खल झाला. अखेर पत्रकावरचं 'एकाही जनावराचा जीव न घेता' हे वाक्य पुढच्या खेपेपर्यंत गाळायचं ठरलं. प्रवेशद्वारापाशी आईचा हसरा, घास घेतानाचा फोटो लावला होता, तो धाकटीने स्वतः उतरवला. तिला वाटलं होतं नोकरी जाईल. नोकरी गेली नाही, आणि त्याचंही तिला बरं वाटलं नाही.

काही महिन्यांनी वनस्पतीचा द्रव खरोखर जमला. या वेळी धाकटीने प्रत्येक बाटली तपासली होती. ती पुडकं घरी घेऊन आली, ओट्यावर ठेवलं आणि म्हणाली, "यात आता काही नाही, आई. खा असं मी म्हणत नाही. फक्त सांगते."

दादा आशेने बघत होता. आईने पुडकं उघडलं, रस्सा केला, दोघांना वाढला. स्वतःच्या ताटात मसूर घेतला.

"घास तरी," दादा म्हणाला.

"नको रे. तिचं खरं असेल, मी नाही म्हणत नाही. जगाने खावं. तुझ्या गिऱ्हाइकांनीही खावं, चांगलंच आहे ते. माझी मात्र भूक गेली." पण ती स्टुलाकडे गेली नाही. टेबलावर, दादाच्या शेजारी बसून जेवली. दादा मान घालून खात होता. धाकटीने चांगलं मटण ताटाच्या कडेला सारलं.

आईने तो विषय पुन्हा काढला नाही. लेकीशी ती पूर्वीसारखीच बोलायची, लेक आजारी पडली तर तिचे पाय चेपून द्यायची. फक्त एक झालं. धाकटीने तिच्या हातात काही दिलं, औषध असो, सूप असो, साधा चहा असो, की आई कप ओठांपाशी नेता नेता थांबते आणि अगदी सहज, चेहऱ्यावर काही न आणता विचारते, "काय काय घातलंस गं यात?"

धाकटी सांगते. "पाणी, दूध, साखर, चहा."

"बरं," आई म्हणते, आणि पिते.