डब्याचा शेवटचा कोपरा

निजामपुऱ्यातल्या खेळण्यांच्या दुकानात मी शिरलो की दुकानदार स्वतःच विचारतो, "क्या मामू, फिर से साँप?" पन्नाशीला टेकलो, केस गेले, पण रबरी साप बघितला की माझ्या पोटात अजून गुदगुल्या होतात. या खेपेचा तर भारीच होता. तपकिरी, अंगावर गोल ठिपके, नुसता हात लावला तरी लचकायचा. तो दाजींसाठी होता.

दाजी म्हणजे रघू, माझ्या रंजिताताईचा नवरा. राहनाळला घर, तिथल्याच गोदामात फोर्कलिफ्ट चालवतात. त्यांच्या पोरीची, क्षितिजाची हळद होती, आणि आमच्याकडे हळद म्हणजे लग्नापेक्षा मोठी. नवरी एक वेळ गप्प बसेल, स्पीकर गप्प बसून चालत नाही. दाजींनी ठरवलं, भाड्याचा डीजे नको. आपल्या इको गाडीत मागे दोन वूफर, म्हणजे बेसचे मोठे स्पीकर लावायचे, दार उघडं टाकायचं आणि अंगणभर नाचायचं. वूफर बाजारातून आणले, त्यांचा लाकडी डबा मात्र दाजींनी घरीच बनवायला घेतला.

त्या डब्याविषयी ते देवाचं सांगावं तसं सांगायचे. कुठून एवढीशी जरी हवा सुटली तरी बेस मेला म्हणून समज. म्हणून फेविकॉलमध्ये लाकडाचा भुसा कालवून बाहेरचे सांधे भरायचे, आणि मग आतून सिलिकॉन. वूफर बसवायला पुढच्या प्लायला दोन गोल भोकं पाडलेली असतात. त्यातल्या एकात खांद्यापर्यंत हात घालायचा, गाल प्लायला टेकवायचा आणि आतला एकेक कोपरा चाचपत बोटानेच बुजवायचा. आत दिसत काहीच नाही.

आता हे ऐकल्यावर मी गप्प बसणार होतो का?

तसे दाजी माझ्या खोड्यांना सरावलेले आहेत. त्यांच्या लग्नात मी त्यांच्या फेट्यात खाजकुयली टाकली होती. जंगलातली ती शेंग, तिची लव अंगाला लागली की माणूस स्वतःला ओरबाडून काढतो. लग्नाचा अल्बम उघडा, प्रत्येक फोटोत नवरदेवाचा एक हात डोक्यात. ताई अजून त्या अल्बमवरून मला शिव्या घालते.

हळदीच्या आदल्या संध्याकाळी दाजींनी बाहेरचे सांधे भरले आणि वाळायला डबा पडवीच्या टोकाला उभा केला, भोकं गवताकडे करून. आवाज मऊ यावा म्हणून आत जुन्या गोधडीचा कापूस अंथरला होता. सकाळी ते चहा पीत बसले तेव्हा मी हळूच जाऊन हात आत घातला, साप एका कोपऱ्यात ठेवला आणि काही माहीत नसल्यासारखा येऊन बटर बुडवून खाल्लं.

मग दोघांनी मिळून डबा उचलला आणि पडवीच्या मधोमध, भोकं वर करून ठेवला. उचलताना आत काहीतरी सरकलं. माझाच माल, म्हणून मी गालातल्या गालात हसलो.

दाजी गुडघ्यावर बसले. बोटांवर सिलिकॉनचा गोळा घेऊन उजवा हात आत घातला, गाल प्लायला टेकवला. एक कोपरा झाला. दुसरा झाला. तिसरा झाला. मी दुसऱ्या भोकातून मोबाईलची बॅटरी मारली, आपला साप कसा बसलाय ते बघायला.

माझा साप कोपऱ्यातून सरकून डाव्या बाजूला मधेच पडला होता. शेपटी जरा दुमडली होती, बाकी ठीक. उजव्या कोपऱ्यात कापूस वर आला होता आणि त्याच्याखाली दुसरा होता.

मी एकच आणला होता.

दुसऱ्याचं पोट हललं.

घोणस. खाडीकडच्या गवतात लहानपणापासून बघितलेली, ओळखायला चूक व्हायची नाही. जाड, आखूड, वेटोळं घालून बसलेली. रात्री उबेला आत शिरली असणार. म्हणजे सकाळी मी हात घातला तेव्हाही ती तिथेच होती. दाजींची पांढरी झालेली बोटं तिच्यापासून वीतभर लांब, आणि शेवटचा कोपरा नेमका तोच राहिलेला.

"दाजी," मी म्हणालो, "हात काढा. आत साप हाय."

गाल दाबलेला, त्यामुळे दाजींचं हसूही वाकडंच आलं. "हाय ना? सकाळपासून तुझं थोबाड गोड गोड दिसतंय, मला वाटलंच."

"रबरी न्हाय. खरी घोणस हाय. आईशप्पत."

"गणपतीतला पण खराच होता. तवापण आईशप्पतच घातलीस."

गणपतीत खरंच घातली होती.

तेवढ्यात आतून आवाज आला. कुकरची शिट्टी धड वाजत नाही आणि वाफ नुसती सुटत राहते, तसा. थांबेचना.

"आवाजपण टाकलास?" दाजी म्हणाले. मोबाईल माझ्या हातात आणि हात दुसऱ्या भोकात, त्यांना दुसरं काय वाटणार? "थांब, धरतोच त्याला. क्षितिजाला दाखवतो मामाचे धंदे."

आणि त्यांची बोटं कापसाकडे वळली.

ओरडलो असतो तर ते अजून हसले असते. खांदा धरून ओढला असता तर हात झटक्याने निघाला असता, आणि झटका बसला की ती झेप घेणारच. उद्या याच हाताने पोरीचं कन्यादान करायचं होतं. आयुष्यात एकदा खरं बोलायला गेलो तर माझं खरं कुणाला चालेना. मग मी मला जमतं तेच केलं.

"दाजी, धरू नका," मी म्हणालो. आवाजात थोडं हसू आणलं, कसं आणलं मलाच माहीत. "त्याला खाजकुयली चोळलीय."

बोटं थांबली.

"कापसावरपण टाकलीय. हललात तर उडंल. कशाला न लागता हळू वर घ्या. संध्याकाळी हळद हाय, फेटा आठवतोय ना?"

हे मात्र त्यांना लगेच पटलं. माझ्या आईपासून सुरू करून त्यांनी हळू आवाजात शिव्या चालू केल्या आणि शिवीगणिक हात तसूतसूने वर यायला लागला. खाली तिचं डोकं हातामागोमाग फिरत होतं. कोपर भोकाच्या कडेला अडलं. दाजींनी अंग तिरपं केलं, कोपर सुटलं, मनगट आलं. बोटं बाहेर आली तसा मी शेजारचा फळीचा तुकडा दोन्ही भोकांवर टाकला आणि वर बसलो.

"ऊठ," दाजी म्हणाले. "तुझं थेर गवतात फेकतो आधी."

मी उठलो नाही. फळी दोन्ही हातांनी दाबून धरली. माझा मोबाईल जमिनीवर पालथा पडला होता. आणि माझ्या बुडाखालून तो आवाज पुन्हा सुरू झाला.

दाजींनी मोबाईल उचलला, उलटा केला, बंद केला. आवाज चालूच. त्यांनी स्वतःची बोटं बघितली, एकमेकांवर घासून बघितली.

"खाज कशी येत न्हाय?"

"खाजकुयली न्हवतीच, दाजी."

दाजी माझ्या शेजारी येऊन फळीवर बसले, सगळं वजन टाकून. उजवा हात डाव्या हातात घट्ट धरला होता.

ताई ओटीचं ताट घेऊन बाहेर आली. पाहुणे यायची वेळ झाली आणि हे दोघं डब्यावर बसून काय गप्पा मारताहेत म्हणून करवादली. मी तिला टेमघरच्या विपुलला फोन लाव म्हणालो. विपुल म्हणजे आमच्याकडे साप पकडणारा पोरगा. ताईने माझ्याकडे बघितलं आणि सरळ आत निघाली.

"रंजिता," दाजी म्हणाले, "मी सांगतोय. लाव फोन."

विपुल आला, आम्हाला लांब जायला सांगितलं, आकडी आत घातली आणि घोणस अलगद काढून बरणीत सोडली. मग बॅटरी मारून पुन्हा आत वाकला, अजून एक आहे म्हणाला. चिमट्याने माझा रबरी साप काढला, निरखून बघितला आणि विचारलं, हा कुणाचा? कुणीच हात पुढे केला नाही.

तो गेल्यावर दाजींनी सिलिकॉनची ट्यूब उचलली. भोकाकडे बघितलं. ट्यूब माझ्याकडे दिली. मीपण भोकाकडे बघितलं. आत काही नाही हे आम्हा दोघांना पक्कं माहीत होतं, बॅटरी मारून पाचदा बघितलं होतं. मी ट्यूब खाली ठेवली. दाजींनी गुपचूप दोन्ही वूफर भोकांवर बसवले आणि स्क्रू आवळले.

हळदीला सगळं राहनाळ नाचलं. गाडीतून बेस असा यायचा की मांडवाचे बांबू हलायचे. फक्त प्रत्येक ठोक्यामागे त्या शेवटच्या कोपऱ्यातून हवा सुटायची. धप्प, फुस्स. धप्प, फुस्स. कुणीतरी दाजींना म्हणालं, डबा कुठेतरी गळतोय, उघडून भरून टाका ना.

"राहू दे," दाजी म्हणाले.

दर फुस्सला त्यांचा उजवा हात आपोआप छातीशी जायचा. मी खुर्चीवर पाय वर घेऊन बसलो होतो. माझ्या खिशात तो रबरी साप होता आणि समोर क्षितिजाच्या मैत्रिणी पाठमोऱ्या नाचत होत्या. खिशात हात घालायचं धाडस काही झालं नाही.