शिट्टी वाजायच्या आत

पायात गोळे आले, "होतंच असं." बरगडीखाली टोचलं, "होतंच असं." बोटं बधिर पडली, तोंडाला लोखंडाची चव आली, तरी घरात, दवाखान्यात, कारखान्यात जो तो हेच वाक्य तोंडावर फेकायचा. मग तिने सांगणंच सोडलं. सातवा लागला होता. बाळ हलतंय ना, बास.

आजही हलत होतं. सकाळी शिलाई मशीनवर बसल्यापासून पोटात बारीक चुळबुळ चालू होती. ती निवांत कॉलर शिवत बसली. जेवणाची सुट्टी झाली, हॉलमधली सगळी मशीनं एकदम बंद पडली, आणि पोटही बंद पडलं.

डब्याचं झाकण तिच्या हातातच राहिलं. मोटरची थरथर टेबलातून गुडघ्यात, गुडघ्यातून पोटात. सकाळपासून ती मशीनलाच बाळ समजत होती.

"ताई, हलत नाहीये," ती शेजारच्या मशीनवरच्या थोरल्या जावेला म्हणाली.

"लोळत असेल. बापावर गेलंय."

"काल हललं का, तेही सांगता येत नाही. काल दिवसभर मशीनवरच होते ना, रात्री पडल्या पडल्या झोपले."

जावेचा घास हातातच थांबला. 'होतंच असं' ती म्हणाली नाही.

जावेने तिला कापडाच्या गठ्ठ्यांवर डाव्या कुशीवर निजवलं, गार पाणी पाजलं. काही नाही. सगळं गप्प.

सुपरवायझर आला. सुट्टी संपली की शिट्टी फुंकायचा, म्हणून सगळ्या बाया त्याला 'शिट्टी'च म्हणायच्या. "काय नाटक आहे? सुट्टी संपली."

"बाळ हलत नाहीये," जाऊ म्हणाली.

"होतंच असं. माझ्या बायकोला..."

"एक जरी मोटर सुरू झाली तर हिला काही कळणार नाही. वाजवा ती शिट्टी, घशात कोंबते की नाही बघा!"

एकही बाई मशीनवर बसली नाही.

बेंबीखाली टिचकी बसली. एकच. की तिचीच नाडी उडत होती? तिने श्वास रोखला. पुन्हा काही नाही.

"हललं?"

"वाटलं... एकदा."

"बघा!" शिट्टी खूश. "म्हटलं नव्हतं?"

"वाटलं म्हणाले मी," ती उठत म्हणाली. "दवाखान्यात चाललेय. त्यांनी 'होतंच असं' म्हटलं, तरी ठोके ऐकल्याशिवाय उठणार नाही."

जावेने तिचा दंड धरला. दारापाशी पोचतात तोच मागे शिट्टी वाजली. मशीनं सुरू झाली, जमीन थरथरली. ती थरथर पायांतून वर चढायच्या आत तिने उंबरा ओलांडला.