चुकायची सोय

नवनाथ चाकणच्या ज्या कंपनीत कामाला आहे, तिथे चूक करायची सोयच नाही. पार्ट उलटा धरला तर साच्यात बसतच नाही. माणूस डोकं घरी विसरून आला तरी शिफ्ट पार पडते. काहीजण विसरून येतातही. नवनाथला या युक्तीचं इतकं कौतुक, की ती त्याने मुलीच्या पाढ्यांना लावली.

कारण होती त्याची बायको पुनम. जवळच्या एका पॅकिंग युनिटमध्ये तिला काम मिळत होतं. बारावीपासून तिला स्वतःची नोकरी हवी होती. लग्न, लातूर सोडणं, मूल, यात ते राहूनच गेलेलं. सोमवारपर्यंत कळवायचं होतं. पण तिसरीतली योगिनी आई शेजारी बसल्याशिवाय वही उघडत नसे.

"ती एकटी अभ्यासाला बसू दे, मग खुशाल जा," नवनाथ म्हणाला. ऐकायला परवानगी, पण होती अट.

तरी नवनाथच्या नावावर एवढं जमा धरायला हवं, की अट घालून तो हातावर हात ठेवून बसला नाही. घरमालकीण सुमनताईंकडून त्याने फ्रिजचं खोकं मागून आणलं आणि पुठ्ठ्याचे तुकडे कापले. एकावर 'सात आठे', दुसऱ्यावर 'छप्पन्न', आणि प्रत्येक जोडीची खाच निराळी. चुकीचं उत्तर जुळणारच नाही!

शनिवारी योगिनीने आईकडे न बघता सगळ्या जोड्या पटापट लावल्या. नवनाथ शेजाऱ्यांना हाका मारू लागला.

आल्या सुमनताई. नातवंडांच्या लबाड्या पकडण्यात मुरलेली बाई. त्यांनी जोड्या मोडून तुकडे कोऱ्या बाजूने मांडले. "आता लाव गं बाय."

योगिनीने कोरे तुकडेही तितक्याच झपाट्याने जुळवले.

"सात आठे किती?"

"नागमोडीवाला," योगिनी म्हणाली.

"पोरगी हुशार हाय, नवनाथराव. पाढं मातुर खाचंला पाठ झाल्यात."

नवनाथचा चेहरा उतरला. "म्हणजे एकटीला नाहीच जमत."

"अहो, तिला जमलं की! वाचायचं कामच तुम्ही ठेवलं नाहीत," पुनम म्हणाली. तिने कात्री घेऊन सगळ्या खाचा सरळ कापल्या, पुढे प्रश्न आणि मागे उत्तर लिहिलं. "योगू, आधी बोलायचं, मग उलटायचं. चुकलं की गठ्ठ्याच्या तळाशी. कुणाला विचारायचं नाही."

"चोरून बघेल ना ती!"

"बघू दे. पुठ्ठा काही शाबासकी देत नाही. किती वेळ बघेल?"

रविवारी तिघं बाहेर पायऱ्यांवर बसली. आत योगिनी एकटी. सुरुवातीला नुसतेच पुठ्ठे उलटल्याचे आवाज. मग तिला कंटाळा आला असावा.

"सात आठे चोपन्न!" पुठ्ठा उलटला. मग तो तळाशी सरकवल्याचा आवाज.

नवनाथ उठला. पुनमने शर्ट धरून त्याला खाली बसवलं.

"बसा की," सुमनताई म्हणाल्या. "कंपनीतली लाइन बंद पडली न्हाई तुमची."

बऱ्याच वेळाने आतून आलं, "सात आठे... थांब... छप्पन्न!" पुठ्ठा उलटला. "हां!"

आता मात्र नवनाथ आत धावलाच.

"पप्पा, मधे नका ना येऊ! अजून गठ्ठा बाकी आहे."

तो गुपचूप बाहेर आला. पुनमने फोन लावलाच होता. "हो सर, येते मी. उद्यापासूनच..."

"आई, हळू बोल ना!" आतून आवाज आला.

पुनम फोन कानाला धरून चार पायऱ्या खाली उतरली आणि उरलेलं बोलणं तिथे पुरं केलं.