खांबामागची जागा

मी एक खुर्ची. जुन्या संगीतगृहाच्या बाल्कनीतली, शेवटच्या रांगेतली, बरोब्बर खांबामागची. शंभरी गाठत आले, पण रंगमंच कसा असतो ते अजून पाहिलेलं नाही.

मला बसवताना सुतार म्हणालाही होता, "मालक, इथून काही म्हणजे काही दिसणार नाही."

"ऐकू तर येईल ना? मग ठोक," मालक म्हणाले. झालं! माझं नशीब तिथंच पक्कं झालं.

लोक येतात, तिकिटावरचा नंबर पाहतात, मग खांब पाहतात आणि तोंड वाकडं करतात. कुणी डावीकडून मान काढतं, कुणी उजवीकडून. मध्यंतरात दुसरीकडे जागा दिसली की पसार! पण जे बसून राहतात, त्यांना एक गंमत कळते. ही सगळी इमारत आतून लाकडी आहे. मोठ्या ढोलाचा ठोका आधी माझ्या पायांना कळतो आणि मग बसणाऱ्याच्या पाठीला. थोड्या वेळानं माणूस आपोआप डोळे मिटून घेतो.

एका रविवारी दुपारी मात्र नवलच घडलं. एक बाई आल्या आणि आनंदानं म्हणाल्या, "हीच ना खांबामागची?"

आमच्या डोअरकीपरला सगळे बॅटरीकाका म्हणतात, कारण त्यांच्या हातातली बॅटरी कधी खाली ठेवलेली कुणी पाहिली नाही. ते म्हणाले, "बाई, पुढं बसा की. निम्मी बाल्कनी रिकामी आहे."

"नको हो. माझी मुलगी खाली व्हायोलिन वाजवते. तिला मी दिसता कामा नये."

बाई पडदे शिवायच्या. मुलीच्या लहानपणी, तिच्या पहिल्या कार्यक्रमाला त्या पुढच्या रांगेत बसून ओठांनी ताल मोजत होत्या. मुलीचं लक्ष आईकडे गेलं, बोटं अडली आणि पोर रडत आत पळाली. तेव्हापासून तिनं आईला बजावलं होतं, माझ्या कार्यक्रमाला यायचं नाही.

"मी घरी मशीनवर बसलेय असं वाटतं तिला," बाई हळूच म्हणाल्या.

सात वर्षं हे असं चाललं. दिवे मंद झाले की बाई यायच्या आणि टाळ्या सुरू झाल्या की निघायच्या, लेकीच्या आधी घर गाठायला. त्यांच्या शालीवरचे दोऱ्याचे तुकडे माझ्या मखमलीला चिकटून राहायचे. वीस व्हायोलिनं एकदम वाजत असली, तरी मध्येच त्या पुटपुटायच्या, "ही माझी."

"कसं काय कळतं हो?" बॅटरीकाकांनी एकदा विचारलं.

"अहो, माझीच आहे ती. कळणार नाही?"

मग तो दिवस आला. मुलगी पहिल्यांदाच एकटी पुढं उभी राहून वाजवणार होती. बाईंनी माझे दोन्ही हात असे घट्ट धरले होते, की जणू मीच पळून जाणार होते! सूर चढत गेले, हॉल अगदी चिडीचूप झाला, आणि अचानक 'टण्ण' असा आवाज झाला. वादन थांबलं. सगळे वादकही थांबले.

खांबामागून काही दिसेना. बाई ताडकन उठल्या, धावत कठड्यापाशी गेल्या आणि भर हॉलमध्ये ओरडल्या, "काय झालं गं?"

हजार माना वर वळल्या असतील. बाईंनी तोंडावर हात ठेवला, पण आता काय उपयोग! त्या क्षणी माझी एकूण एक स्प्रिंग आखडली. आता ही मुलगी पुन्हा आत पळते की काय?

खालून आवाज आला, "तार तुटली, आई!"

आणि ती हसली. सगळा हॉल हसला. तिनं म्हणे शेजारच्या वादकाचं व्हायोलिन घेतलं आणि जिथं थांबली होती तिथूनच पुढं वाजवायला लागली. बाई कठड्यापाशी उभ्याच होत्या. टाळ्या संपल्या तरी त्या दिवशी त्यांना घरी जायची आठवण झाली नाही.

कार्यक्रम संपल्यावर मुलगी धापा टाकत वर आली. "किती दिवस येतेस?"

"सात वर्षं झाली."

"वेडी आहेस का तू?" असं म्हणत ती माझ्यावर बसली. समोर नुसता खांब. "आई, इथून तर काहीच दिसत नाही!"

"ऐकू यायचीस की."

मुलीनं डोळे पुसले आणि आईचा हात धरून ती खाली गेली.

पुढच्या रविवारपासून बाई तिसऱ्या रांगेत बसू लागल्या. मला चुकल्याचुकल्यासारखं झालं, खोटं कशाला बोलू? पण एका मध्यंतरात त्या आपणहून वर आल्या.

"मग, पुढून कसं वाटतं?" बॅटरीकाकांनी विचारलं.

"सगळं दिसतं हो. वाजवताना तिची मान अवघडते, तेही दिसतं. आज घरी गेल्यावर शेकून द्यायला हवी." बाईंनी माझ्या पाठीवर हलकेच थाप मारली आणि घंटा होताच त्या भराभर खाली गेल्या.

आता माझी मखमल विटलीय, एक स्प्रिंग जरा कुरकुरते. कधी मी तुमच्या वाट्याला आले, तर पहिली पाच मिनिटं तेवढी मला द्या. नंतर उठून गेलात तरी चालेल. फक्त आवाज न करता उठा. खाली कुणाची तरी लेक वाजवत असते.