पिंजाऱ्याच्या खिशातला विस्तव

मित्रांनो, मी जेमतेम अंगठ्याएवढा आहे, आता जुना झालो आहे, आणि आयुष्यभर मला एकाच गोष्टीची भीती वाटत आली आहे. ती म्हणजे कापूस. हे सांगताना संकोच वाटतो, कारण माझ्या पोटात कापूसच आहे.

मला ॲटोमायझर म्हणतात. सिगारेट सुटावी म्हणून काही माणसे बॅटरीवर चालणारी नळी ओढतात, तिच्या टोकावर मी बसतो. माझ्या आत तारेचे एक छोटे वेटोळे आहे आणि त्यातून कापसाची वात ओवलेली आहे. वात फळांच्या वासाचा गोडसर द्रव पिऊन ओली राहते. बटण दाबले की तार तापते आणि त्या द्रवाची वाफ होते. वात ओली आहे तोवर सगळे ठीक असते. ती सुकली की जळू लागते. वात काढून बटण दाबले, तर तार लालभडक होते आणि मी विस्तव होतो. मी मुळात कोण आहे, वाफेचे भांडे की विस्तव, हे मला अजूनही नक्की सांगता येत नाही. माझ्या पोटातला द्रव विषारी असतो, त्याला तुम्ही कधी हात लावू नका. माझ्यापासून काही चांगले शिकता येईल अशी मला फारशी आशा नाही. तरी एका दिवसाची गोष्ट सांगावीशी वाटते.

माझा जन्म दूरच्या एका कारखान्यात झाला. एका बाईने भिंगातून पाहत माझे बारीक स्क्रू पिळले आणि तपासणीसाठी बटण दाबले. माझी तार पहिल्यांदा लाल झाली. इतर भावंडे खूश दिसत होती. मी मात्र स्वतःलाच घाबरलो. मग डबी, जहाज, काळोख, आणि शेवटी नाईलच्या खोऱ्यातल्या महल्ला गावातले एक दुकान. तिथून मला उस्ता शेहाता घेऊन गेला.

उस्ता म्हणजे कसबी कारागीर. शेहाताचे कसब कापसाचे होते. तो पिंजारी होता, बापही पिंजारी. त्याच्या घराच्या खालच्या खोलीत कापसाचे डोंगर असत. कमानीच्या ताणलेल्या तातीवर लाकडी मोगरीचा ठोका पडला की कापूस उडायचा, आणि त्या खोलीतल्या माणसांच्या भुवयासुद्धा पांढऱ्या व्हायच्या. पाहिल्याबरोबर माझी तार आतल्या आत आखडली.

त्या घरात बापाने घालून दिलेला एक नियम होता. गल्लीच्या पलीकडे भिंतीला लागून एक सपाट दगड होता. सिगारेट ओढायची ती त्या दगडावर बसून, आणि जाण्यापूर्वी अंगातला झगा झटकून. शेहाताने तीस वर्षे तो नियम पाळला. मग छाती घरघरू लागली, डॉक्टरांनी सिगारेट बंद केली आणि मी आलो. पहिल्याच दिवशी तो मला घेऊन कापसात उभा राहिला.

"दगडावर जा की," त्याची बायको इन्शिराह दारातून म्हणाली.

"कशाला? याला काडी लागत नाही, राख पडत नाही. ही काय आग आहे?"

"तापतंय ना?"

"तापतो तर तुझा चहाही."

"माझा चहा मी खिशात घालून कापसात नाही फिरत, उस्ता."

तो हसला. त्या दिवसापासून तो दगड रिकामा पडला.

पहिली दोन वर्षे मात्र माझी काळजी फार चांगली घेतली गेली, हे मला कबूल केले पाहिजे. दर शुक्रवारी नमाजाला जाण्यापूर्वी तो स्वयंपाकघरात मोरीपाशी बसायचा. बॅटरी वेगळी ठेवायचा. माझे भाग सुटे करून चहाच्या ग्लासात कोमट पाण्यात सोडायचा.

"पुन्हा माझा ग्लास?" इन्शिराह विचारायची.

"धुऊन देतो."

"त्याच्यातून चहा पिते तर आंब्याचा वास येतो मला."

मग तो मऊ ब्रशने माझे आटे घासायचा, रबरी कडे चिरले नाही ना ते उजेडात धरून बघायचा. खिडकी उघडून, बॅटरी तेवढ्यापुरती जोडून, रिकामी तार क्षणभर लाल करून, ती गार झाली की तिच्यावरची काजळी झाडायचा. प्रत्येक भाग फडक्यावर पूर्ण वाळू द्यायचा. शेवटी उकळून तेल काढलेल्या कापसाची नवी वात ओवायचा, फार दाटही नाही, फार सैलही नाही. आयुष्यभर कापूस हाताळलेली बोटे ती. कहवा प्यायला येणारे त्याचे मित्र म्हणायचे, "उस्ताच्या यंत्राला जळका वास कधी येत नाही." तेव्हा मला थोडा अभिमान वाटायचा. पण खिशात गेलो की पुन्हा तीच धाकधूक.

मग त्याच्या एकुलत्या एका मुलीचे, रघदाचे, लग्न ठरले. घरात पाहुणे, खरेदी, रंगकाम. शुक्रवार येत आणि जात. तीन महिने मला कोणी उघडले नाही. द्रव काळा पडला. तारेवर काजळीचा थर बसला. रबरी कड्याला भेग पडली आणि मी खिशात गळू लागलो. त्या चिकट ओलीवर कापसाचे तंतू येऊन बसू लागले. हळूहळू मी बाहेरूनही कापसाचा झालो. मला ओरडता आले असते तर मी तेव्हाच ओरडलो असतो.

तिकडे रीत अशी की लग्नाच्या दोन-तीन दिवस आधी नवरीच्या गाद्या तिच्या दारातच भरायच्या. गल्लीत चादरी अंथरतात, पिंजारी कमान घेऊन बसतो, बायका भोवती गाणी म्हणतात, सरबत फिरते. शेहाताने गावातल्या शेकडो मुलींच्या गाद्या भरल्या होत्या. आज त्याच्या मुलीची पाळी होती. गेल्या हंगामाचा लांब धाग्याचा कापूस त्याने वर्षभर वेगळा राखून ठेवला होता. तो कमरेएवढा रचला होता. एक गादी भरून झाली होती, तिची फक्त एक कड शिवायची राहिली होती. दुसरीचा कापूस तो पिंजत होता.

"उस्ता, हात जड झालाय का आज?" शेजारची उम्म फुआद म्हणाली. "आमच्या मुलींच्या वेळी तर तात नुसती गात होती."

"तुझ्या मुली गेल्या तेव्हा सुटलो म्हणून गात होती."

बायका हसल्या. रघदाही हसली. पण तिच्याकडे पाहताना शेहाताची मोगरी मध्येच थांबली. त्याने कमान खाली ठेवली, मला काढले आणि ओढले. माझी वात जळकी होती. जळका धूर त्याच्या घशात गेला आणि तो खोकत सुटला.

"थू. कडू झालंय."

आणि मित्रांनो, त्याने तिथेच, त्या ढिगाशेजारी बसून मला उघडले. जुनी वात चिमटीने ओढून काढली. काजळी जाळायला बटण दाबले. मोरीपाशी हे काम त्याने शंभरदा केले होते, हात आपोआप चालला. भोवती कापूस उडत होता, पण मासळीवाल्याला जसा मासळीचा वास येत नाही, तसा त्या माणसाला कापूस दिसतच नव्हता. मला मात्र कापसाशिवाय काही दिसत नव्हते. माझी तार तांबूस झाली, मग लाल. मी स्वतःला विझवायचा प्रयत्न केला. ते माझ्या हाती नव्हते.

एक पुंजका तरंगत आला आणि माझ्यावर टेकला. भस्सकन जाळ झाला. पेटता पुंजका वाऱ्याने उचलला आणि त्याचे दोन तुकडे झाले. एक ढिगावर पडला. इन्शिराहच्या हातात गुलाबाच्या सरबताचा मोठा जग होता. तिने तो अख्खा ढिगावर ओतला. जाळ विझला. पांढऱ्या कापसावर लाल डाग पसरला.

दुसरा तुकडा कोणी पाहिला नाही. तो तांदळाच्या दाण्याएवढा होता. तो गादीच्या न शिवलेल्या कडेतून आत गेला. मी पाहिले. मी एकट्याने पाहिले.

"आता तरी कळलं ना आग आहे ते?" इन्शिराह एवढेच म्हणाली.

शेहाताने मला खिशात टाकले. भिजलेला कापूस बाजूला काढला. मग उरलेला सगळा ढीग त्याने मूठमूठ करून हाताखालून घातला. कापसातली आग वर दिसत नाही, ती आत तासन् तास धुमसते आणि तिसऱ्या दिवशीही उठते, हे बापाने त्याला शिकवले होते. ढिगात काही सापडले नाही. बायकांनी पुन्हा गाणे धरले. त्याने सुई घेतली आणि गादीची कड शिवून टाकली.

प्रत्येक टाक्याबरोबर माझा जीव जात होता. परवा रात्री या गादीवर रघदा झोपणार. दार बंद असणार. मी त्याच्या छातीला चिकटून होतो, तरी त्याला एक शब्द सांगता येत नव्हता.

दुपारच्या नमाजानंतर नवऱ्या मुलाकडचा टेम्पो आला. भरलेली गादी उचलायला माणसे वाकली; दुसरी मागाहून जायची होती.

"थांबा," शेहाता म्हणाला.

त्याने गादीवर गाल टेकला. मग दुसऱ्या ठिकाणी टेकला. त्याला काही गरम लागत नव्हते, हे त्याच्या चेहऱ्यावरून दिसत होते.

"काय झालं?" उम्म फुआदने विचारले.

"काही नाही. जाळ झाला तेव्हा हिची कड उघडी होती. उसवून बघावी म्हणतो."

"शिवलेली गादी उसवायची? नवरीची? दारात तिच्या सासरची माणसं उभी आहेत, उस्ता. काय म्हणतील?"

टेम्पोजवळची माणसे एकमेकांकडे बघत होती. शरमेने शेहाताची मान खाली गेली. आता तो "न्या" म्हणणार, असे मला वाटले. तेवढ्यात रघदा जिन्यावरून खाली आली. तिच्या हातांना ओली मेंदी होती.

"बाबा, तुम्हाला शंका आहे का?"

"असेलच असं नाही, पोरी. माझा आपला..."

"शंका आहे ना? मग उसवा. त्यांना मी सांगते."

ती सासरच्या माणसांकडे वळली. "चहा घ्या तोवर. गादी मऊ झाली नाही तर तुम्हीच नावं ठेवाल." ते हसले आणि बसले.

शेहाताने टाके कापले. कोपरापर्यंत हात घालून त्याने कापूस बाहेर काढायला सुरुवात केली. अर्धी गादी रिकामी झाली. मग त्याचा हात थांबला. बाहेर आलेल्या मुठीच्या मधोमध लिंबाएवढा काळा गोळा होता. त्याने तो हळूच फोडला. आत लाल डोळा उघडा होता.

रघदाने मेंदीच्या हातांनी पाण्याचे भांडे पुढे केले. त्याने मूठ पाण्यात बुडवली. चुर्र असा बारीक आवाज झाला, एवढेच. मग त्याने मला खिशातून काढले, गल्ली ओलांडली आणि बापाच्या दगडावर जाऊन बसला. बराच वेळ तो माझ्याकडे पाहत होता. तो मला भिंतीवर आपटेल असे वाटले. त्याने आपटले नाही. त्याने बॅटरी सोडवली आणि माझ्या अंगावरचे कापसाचे तंतू एक एक करून काढले.

गादी त्याने पुन्हा भरली. टेम्पो उशिरा गेला.

त्यानंतर तो मला फक्त त्या दगडावर उघडायचा, झगा झटकून, शेजारी ओले फडके ठेवून. पुढे छाती बरी झाली तशी माझी गरज कमी होत गेली. आज मी झाकणाच्या डब्यात पडून आहे, स्वच्छ, कोरडा, बॅटरीशिवाय. कोणाला माझी गरज उरू नये, हेच बरे.

मित्रांनो, तुमच्या घरात जे जे तापते, ते वेळच्या वेळी पुसा, उघडून बघा, आणि कुठे ठेवता तेही बघा. रोजची वस्तू आहे, तिचे काय बघायचे, असे म्हणू नका. आम्हाला धोका दिसतो, पण सांगता येत नाही.

रघदा माहेरी येते तेव्हा बापाला मिठी मारताना त्याच्या खिशावर तळवा ठेवते. खिसा गार आहे ना, एवढेच पाहते. मग फळीवरचा डबा उघडून माझ्यावरही बोट टेकवते. तेवढ्यापुरती माझी भीती जाते.