उंब्रजची सलामी

सांगली-साताऱ्याच्या जुन्या स्पोर्ट्स कारवाल्यांचं मंडळ म्हणजे एक अजब प्रकरण होतं. माणसं बहुतेक शिकलीसवरलेली, नातवंडांची; पण दोन सीटांची, कमरेएवढ्या उंचीची गाडी दिसली की त्यांचा सगळा शहाणपणा गुंडाळून ठेवलेला. वर्षातून एकदा सांगलीकर गाड्या घेऊन निघायचे, सातारकर उंब्रजपर्यंत सामोरे यायचे, आणि हायवेलगतच्या एका हॉटेलच्या मैदानात सलामी व्हायची. एकेकानं बॉनेट उघडायचं, इंजिन चालू करायचं, आणि बाकीच्यांनी डोळे मिटून, आरतीला उभं राहिल्यासारखं ते ऐकायचं. मग अध्यक्ष बॉनेटवर थाप मारणार आणि गाडी साताऱ्याच्या रांगेत लागणार. थाप नाही मिळाली तर गाडीनं तिथूनच मागं फिरायचं. आजवर अशी वेळ कुणावर आली नव्हती.

यंदा मात्र त्रिशला मगदूमच्या गाडीला आवाजच नव्हता.

गाडी मूळची तिच्या वडिलांची. महावीर मगदूम, म्हणजे आण्णा, हळदीचे व्यापारी, मंडळ काढणाऱ्यांतले एक. गेली काही वर्षं त्यांची फुफ्फुसं साथ देईनात. मिरजेच्या डॉक्टरांनी स्पष्ट बजावलं, ही धूर ओकणारी गाडी आता बंद. आण्णांनी मुकाट्यानं गाडीवर कापड टाकलं आणि स्वतःही अंथरूण धरलं. जेवायला उठायचे, पुन्हा आडवे व्हायचे. त्रिशलाला हे बघवेना. एके दिवशी तिनं कुणाला न विचारता इंजिन उतरवलं, ते ताडपत्रीत गुंडाळून हळदीच्या गोदामात ठेवलं, आणि आरटीओचे सगळे सोपस्कार करून गाडीला बॅटरीवर चालणारी मोटर बसवली. आण्णा आठवडाभर तिच्याशी बोलले नाहीत. बोलले तेव्हा एवढंच म्हणाले, "पोरी, गाडीचा जीव काढलास." आणि दुसऱ्या दिवशी सकाळी काठी टेकत जाऊन गाडीत बसले.

तर ते आताही बसले होते. गळ्याशी मफलर, डोक्यावर टोपी, तोंडावर नाराजी. रांगेच्या धुरापासून लांब म्हणून त्रिशलानं गाडी मैदानाच्या पार टोकाला, वाऱ्याच्या बाजूला लावली होती.

पुष्कर तिच्याजवळ आला. कराडचा तरुण, मंडळातला सगळ्यात उतावळा गडी. तो हळूच म्हणाला, "ताई, माझ्याकडं स्पीकर आहे. तुमच्या गाडीचा जुना आवाज मी गेल्या वर्षी टेप केला होता. बॉनेटमध्ये ठेवू? कुणाच्या बापाला कळणार नाही."

"माझ्या बापाला कळेल," त्रिशला म्हणाली. "आणि खोटा आवाज काढून मला रांगेत नाही जायचं."

"मग निदान आण्णांच्या आजाराचं सांगून टाका. सगळे विरघळतील."

"दयेवर मिळालेली जागा मला नको रे. मी केलं ते बरोबर केलं, असं म्हणून मला जायचंय."

हा ताठा आण्णांचाच, असं सांगलीत सगळेच म्हणत.

तिची पाळी आली. तिनं बॉनेट उघडलं, किल्ली फिरवली आणि हात बांधून उभी राहिली. लोकांनी सवयीनं डोळे मिटले. हायवेवरून ट्रक गेले, कुठं तरी कुत्रं भुंकलं. गाडी चालू होती आणि काहीच ऐकू येत नव्हतं. एकेकानं डोळे उघडले. कुणी तरी फिस्सकन हसलं.

अध्यक्ष विष्णुपंत पुढं आले. साताऱ्याचे नावाजलेले वकील, आता निवृत्त. आपल्या पांढऱ्या गाडीचा एक दिवा बदलायचा तर सहा महिने अंधारात काढतील, पण दुसऱ्या बनावटीचा लावणार नाहीत, असा माणूस. त्यांनी बॉनेटमध्ये वाकून पाहिलं. मग मागं झाले आणि हात पाठीमागं बांधले.

"त्रिशला, ही गाडी राहिली नाही. हा मिक्सर आहे."

मैदानात हशा पिकला. त्रिशलाची कानशिलं तापली.

"मिक्सर तर मिक्सर," ती म्हणाली. "चाकं त्याच गाडीची आहेत, पत्रा तोच आहे, आणि आत बसलेला माणूसही तोच आहे. माझी सलामी झाली, काका. थाप मारा."

"नाही मारणार. जुनी वस्तू जशी आहे तशी सांभाळायची, एवढ्यासाठी हे मंडळ आहे. उद्या कुणी सतारीच्या तारा काढून तिला बटणं लावील आणि म्हणेल, वाजवा. मला हे पटत नाही आणि मरेपर्यंत पटणार नाही. तू माघारी जा."

पुष्करचा तोल गेला. तो आपल्या गाडीच्या बॉनेटवरच चढला. "म्हाताऱ्यांचं लय ऐकलं! असला अध्यक्ष आम्हाला नको, मंडळातही नको! ज्यांना पंत नकोत त्यांनी हॉर्न वाजवा!"

एक हॉर्न वाजला. मग दुसरा. मग सगळ्या तरुण पोरांनी एकदम हॉर्न दाबले आणि मैदान दणाणून गेलं. विष्णुपंत जागच्या जागी उभे होते. मान ताठ होती, पण चेहरा पांढराफटक पडला होता. या मंडळाशिवाय त्या माणसाला दुसरं होतं तरी काय! बायको गेलेली, मुलगा परदेशात.

त्रिशलाच्या लक्षात आलं, आता आपण नुसतं गप्प राहायचं. पंत जातील, रांग आपली. क्षणभर तिला बरंही वाटलं. का वाटू नये, मिक्सर म्हणाले होते ते! पण पुढच्याच क्षणी तिला स्वतःचाच राग आला. ती गाडीत वाकली आणि तिनं आपला हॉर्न दाबून धरला. एवढा वेळ दाबला की बाकीचे एकेक करून थांबले.

"पुष्कर, खाली उतर," ती ओरडली. "पंतकाका चुकलेत. साफ चुकलेत. पण ते तोंडावर बोललेत, आणि त्यांनी बोलायलाच पाहिजे. आज ते मला नको म्हणाले म्हणून तुम्ही त्यांना घालवणार, उद्या तुम्हाला कुणी नको म्हटलं की त्यालाही. मग उरणार कोण? त्यांना काढणार असाल तर आधी माझं नाव काढा."

पुष्कर गोंधळला. "ताई, मी तुमच्याच बाजूनं..."

"माझी बाजू मी बघते."

मग ती पंतांकडं वळली. "आणि काका, मी माघारी जाणार नाही. थाप मारा नाही तर मारू नका. रस्ता सरकारी आहे, मी साताऱ्याला येणार."

विष्णुपंत म्हणजे आयुष्यभर दुसऱ्यांची वकिली केलेला माणूस; आपली वकिली आपल्याच विरोधकानं केलेली त्यांनी बहुधा पहिल्यांदाच पाहिली. ते गाडीत बसलेल्या जुन्या मित्राकडं वळले. "महावीर, तू तरी सांग हिला. तुला पटलंय का हे?"

सगळ्यांच्या माना तिकडं फिरल्या. आण्णांनी मफलर सैल केला आणि दम घेतला.

"न्हाई पटलं," ते म्हणाले.

त्रिशलानं खाली पाहिलं.

"अजिबात न्हाई पटलं. घरात रोज सांगतोय तिला. पण पंत, माज्या छातीत आता धूर सोसायची ताकद न्हाई. डाक्टर म्हनला, गाडी इसरा. हिनं ही मोटर बसवली म्हनून मी आज हितवर आलो. न्हाईतर तुमी माज्या फोटूला हार घालूनच सलामी केली आसती." त्यांना खोकला आला. तो ओसरल्यावर म्हणाले, "पटलं न्हाई म्हनून मी काय गाडीतनं उतरनार न्हाई."

विष्णुपंत गाडीजवळ आले. बॉनेटला त्यांनी हात लावला नाही. त्यांनी महावीररावांच्या खांद्यावर थाप मारली.

"माझं मत बदललेलं नाही," ते त्रिशलाला करड्या आवाजात म्हणाले.

"माझंही नाही."

"रांगेत सगळ्यांच्या पुढं चल. आमचा धूर याच्या अंगावर नको."

"कीव करून पुढं घालत असाल तर नको, काका."

"कीव कसली! साताऱ्यात पोचलीस की जेवायच्या आधी तासभर भांडणार आहे मी तुझ्याशी. तोवर हा धडधाकट पाहिजे, माझ्या बाजूनं बोलायला."

गाडी मैदानातून निघाली. मागं इंजिनांचा गडगडाट उठला आणि हळूहळू लांब पडला. आण्णा कान टवकारून तो ऐकत राहिले, आणि अगदीच ऐकू येईनासा झाल्यावर म्हणाले, "फुडल्या वर्षी इंजान परत बसव."

"नाही बसवणार."

"मग मी फुडल्या वर्षीबी भांडनार."

त्रिशलाचे डोळे भरून आले. तिनं ते पुसले नाहीत.

"भांडा आण्णा," ती म्हणाली. "त्याच्या पुढच्या वर्षी पण भांडा."